होर्मुझ आणि युरियाची गोणी



शनिवारी आपल्या सौंसरजवळच्या जामसांवलीला निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. दर्शन आटोपून मंडळी चहाला थांबतात. चहावाल्याच्या शेगडीला लागणारा जो गॅस देश बाहेरून आणतो, तो बहुतेक आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो.

इराण आणि ओमान यांच्यामधली ही वाट सर्वांत अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर. जहाजांना नेमून दिलेले मार्ग तर जेमतेम 3 किलोमीटर रुंदीचे. 2024 साली रोज सुमारे 2 कोटी पिंपं तेल इथून गेलं, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. एका काठावर इराण, समोर त्याचे अरब शेजारी आणि बहारिनमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ.

इराण-इराक युद्धात 1984 पासून टँकरांवर हल्ल्यांचं सत्र सुरू झालं. तेव्हा वाट बंद पडली नाही, पण विमा महागला. विमा कंपनी कचरली की मालक जहाज सोडायला धजत नाही. धमकीची खरी ताकद इथे आहे. पुढे 2019 च्या जुलैत इराणने ‘स्टेना इम्पेरो’ हे जहाज धरलं. त्यावरच्या 23 खलाशांपैकी 18 भारतीय होते. 2024 च्या एप्रिलमध्ये ‘एमएससी एरिज’ धरलं, त्यावर 17 भारतीय. भांडण दुसऱ्यांचं आणि अडकली आपली माणसं, हे मला फार लागतं.

आता आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागांकडे वळू. पाण्याचा ताण तोडून बाग भिजवली की झाडाला नत्र हवं, आणि युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. देशातले खत कारखाने बऱ्याच अंशी आयात वायूवर चालतात, त्यात कतारचा वाटा मोठा. सौदी अरेबिया आणि अमिरातींनी काही तेल होर्मुझबाहेरच्या यानबू आणि फुजैरा बंदरांकडे नळवाहिनीने वळवलं आहे. कतारच्या जहाजांना मात्र होर्मुझखेरीज वाट नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीचा भाव सरकारने 266 रुपये 50 पैसे बांधून दिलेला. त्यामुळे आखातातली चकमक शेतकऱ्याला भावात दिसत नाही. माल उशिरा आला की सोसायटीपुढच्या रांगेत दिसते.

कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली साठे केले आहेत. नैसर्गिक वायूची तशी सोय नाही. म्हणून माझा आग्रह आहे, निदान खत तरी आधी साठवा. मृग लागण्यापूर्वी गोणी गावच्या गोदामात पोचलेली असावी.