नटीची जीभ आणि नटीचा दाम

(कांदिवली येथे कामकरी स्त्रीपुरुषांच्या सभेत एका नटीने केलेले भाषण)



आपण आम्हांस बोलावताना एक अट घातलीत, ती ही की धंद्याविषयी जे सांगावयाचे ते खरे सांगावे. नटीकडून लोक सहसा गोड मागतात. आपण खरे मागितले, म्हणून आपले आभार मानून सरळ विषयाला हात घालतो.

आमचा धंदा म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडाने बोलणे. सुताराला वाकस, चांभाराला रापी, तशी आम्हांला जीभ. सुताराच्या वाकसाला कोणी जात विचारीत नाही. लाकूड नीट तासले की झाले. मग ज्या जिभेवर आम्ही भाकरी मिळवायची, तिलाच अशुद्ध ठरविण्याचा मक्ता कोणी कोणाला दिला?

आमचे माहेर करवीर भागातले. तिकडे बाईमाणूसही 'मी आलो, मी जेवलो' असेच बोलते. मुंबईत आल्यावर एका ठिकाणी आमचे हे बोलणे ऐकून मंडळी पोट धरून हसली आणि म्हणाली, "मोलकरणीचे काम आहे, ते करा." मोलकरणीच्या कामाची आम्हांला लाज नाही. तिच्या हातावर मुंबईतली किती तरी घरे चालतात. पण नायिका कधी आमच्यासारखी बोलत नाही आणि मोलकरीण कधी नायिकेसारखी बोलत नाही, हा नियम कोणत्या शास्त्रात लिहिला आहे?

शुद्धाशुद्धाचा हा बाजार जरा तपासून पहा. आपल्या घरात म्हातारी 'पानी' म्हणते, 'लोनी' म्हणते. शाळेत पोर तसे बोलले तर मास्तर रागावतात. आता पंडितांनाच विचारा, संस्कृतात मूळ शब्द कोणता? पाण्याला 'पानीय' आणि लोण्याला 'नवनीत'. दोन्हींत 'न'च आहे! म्हणजे 'पाणी' चूक असे आम्ही म्हणत नाही; पण 'पानी' म्हणणारी म्हातारी गावंढळ कशी, एवढेच कोणी सांगावे. ज्याच्या हाती पुस्तक, शाळा आणि नाटकगृह होते त्याची बोली शुद्ध ठरली. ज्याच्या हाती नांगर होता त्याची अशुद्ध ठरली. यात व्याकरण थोडे आणि मालकी फार.

आणखी एक गंमत. मालिकांतली जी 'गावरान' भाषा आपण ऐकता, ती पुष्कळ वेळा कोणत्याच गावात बोलत नाहीत. करवीरकरीण बाई 'मी आलो' म्हणेल, वऱ्हाडातली बाई 'काहून' म्हणून विचारील, मालवणची 'खंय' म्हणेल. प्रत्येक बोलीला आपले व्याकरण आहे, आपला मान आहे. पण लिहिणारा मुंबईत बसून या सगळ्यांची खिचडी करतो आणि ज्या नटीला ती बोली जन्मापासून येते, तिलाच "जरा जास्त गावठी बोला" असे सांगतो! खऱ्या बियाण्याला कोणी विचारीत नाही आणि रंगविलेले बी दामदुपटीने विकले जाते, असा हा प्रकार.

हे आजचेच नाही. आपल्या शेजारच्या मालाडला 1934 साली बॉम्बे टॉकीज ही मोठी कंपनी निघाली. तिथे 1936 साली 'अछूत कन्या' हा बोलपट तयार झाला. अस्पृश्य मुलीचे काम केले देविकाराणीबाईंनी, ज्यांचे शिक्षण विलायतेत झाले आणि ज्यांचे नाते बंगालच्या ठाकूर घराण्याशी होते. बाईंची कला थोर होती, त्यांचे वैर आम्हांला नाही. पण पडद्यावर अस्पृश्याची मुलगी आली तीही विलायती शाळेतून, ही गोष्ट ध्यानात ठेवा. आमचे दुःख विकले जाते, आमचे माणूस विकत घेतले जात नाही.

याच कंपनीत संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी जन्माने पारशी, नाव खुर्शीद. पारशी मुलीने सिनेमात जाऊ नये म्हणून ज्ञातीने काहूर केले, तेव्हा नाव बदलावे लागले. याच कंपनीच्या 1939 सालच्या 'नवजीवन'मध्ये हंसा वाडकर नायिका होत्या. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. 1936 साली 'विजयाची लग्ने' या बोलपटात त्या प्रथम आल्या, तेव्हा वय अवघे तेरा. घर चालविण्यासाठी पोरीने रंग लावला. लग्न झाल्यावर घरी बसावे अशी त्यांची इच्छा, पण कमाईसाठी पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापुढे जावे लागले, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. 1970 साली त्यांचे आत्मवृत्त 'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपाने निघाले. त्या नावातला 'सांगत्ये' हा शब्द पहा. पुस्तकी मराठीत 'सांगते' असते. 'सांगत्ये' हे बायकांच्या तोंडचे रूप. बाईने आपली कथा बाईच्याच जिभेने सांगितली, म्हणून ती खरी वाटली. त्याच कथेच्या आधाराने 1977 साली 'भूमिका' हा हिंदी चित्रपट निघाला.

जीभ बदलता येते काय? येते, आणि पोटासाठी बदलावीही लागते. 1931 साली 'आलम आरा' आला आणि मुके चित्रपट बोलू लागले. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, ज्यांना लोक सुलोचना म्हणून ओळखत, त्या मूकपटांच्या राणी होत्या. पण त्यांना हिंदुस्थानी नीट येईना. त्यांनी काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि त्या परत आल्या. म्हणून आमचे सांगणे असे की दुसरी बोली जरूर शिका. सुतार एकच हत्यार बाळगीत नाही. पण नवे हत्यार घेतले म्हणून आजोबांचा वाकस कोणी उकिरड्यावर फेकून देत नाही.

आणि आपली बोली न टाकता माणूस कोठवर जातो, तेही पहा. 2016 साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्यातली अर्ची झाली अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू. ती सोलापूरकडचेच बोलली, आणि सारा महाराष्ट्र तिचे बोलणे बोलू लागला. राष्ट्रीय पुरस्कारांतही तिचा विशेष उल्लेख झाला. ज्या बोलीवर काल हसत होते, तिच्यासाठी आज तिकिटाला रांगा लागल्या. मग सांगा, दोष बोलीत होता की संधी न देणाऱ्यात?

परंतु बंधूंनो, नुसत्या बोलीच्या अभिमानाने चूल पेटत नाही. आता दामाची गोष्ट. मालिकांच्या धंद्यात पाळी बारा तासांची. काम आज आणि पैसा नव्वद दिवसांनी, अशी रूढी पडली आहे. किराणावाला नव्वद दिवस थांबतो काय? रोजावर काम करणाऱ्या नटीला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळणे कठीण, कारण कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत एका मालकाकडे 80 दिवस काम दाखवावे लागते आणि आमचा मालक दर आठवड्याला निराळा. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग तमाशात नाचता नाचता कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्हांला मात्र ती ऐकून लाज वाटते. त्यांची नव्हे, ऐकणाऱ्या समाजाची. बाईंना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, आणि 2002 साली त्या हलाखीत वारल्या. पुढे सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला. मेल्यावर हार आणि जिवंतपणी उधारी, हा कुठला न्याय?

केरळातल्या नट्यांनी निराळे केले. त्यांनी एकजुटीने सरकारकडे चौकशी मागितली. 2017 साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये लोकांपुढे आला. कामाच्या जागी बायकांना संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, हेही त्यात लिहिले गेले. जे आजवर कुजबुजीत होते ते कागदावर आले. कागदाचे बळ मोठे आहे. 2024 सालीच कान येथे मोठे पारितोषिक मिळविणाऱ्या पायल कपाडिया यांच्या चित्रपटात छाया कदम यांनी रत्नागिरीकडची पार्वती उभी केली आहे. दवाखान्यात स्वयंपाक करणारी ही विधवा केवळ कागद नाहीत म्हणून मुंबईतले घर गमावते. चारकोप-पोयसरकडच्या मायबहिणींना ही कथा समजावून सांगायला नको.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. आपली लेक नाटक-सिनेमात जाऊ म्हणाली तर तिला अडवू नका आणि आंधळेपणाने सोडूही नका. तिला आजीच्या बोलीची लाज शिकवू नका. त्याबरोबर प्रमाण मराठी आणि हिंदी शिकवा. करार वाचल्याशिवाय सही करू नये, रोज किती, पैसा कोणत्या तारखेला, जायला-यायला गाडी कोणाची, हे लिहून घ्यावे. बँकेचे खाते तिच्याच नावाचे असावे. संघटनेत नाव घालावे, कारण एकटीने मागितलेली ती भीक आणि दहाजणींनी मागितलेला तो हक्क. आणि पडद्यावर आपल्या बोलीची थट्टा चालली असेल तेव्हा आपण टाळ्या पिटू नयेत. आपल्या टाळीवरच तो माल खपतो.

पोयसरच्या ईस्ट इंडियन आजीची मराठी निराळी, मालवणी शेजारणीची निराळी, आमची करवीरची निराळी. पण गिरणीत आणि बाजारात या सगळ्या एकमेकींना समजतात, भांडतात आणि उसनवारीही करतात. जे तिथे चालते ते पडद्यावर का चालू नये? ज्या दिवशी नायिका 'पानी' म्हणेल आणि कोणी हसणार नाही, तिला दामही वेळेवर मिळेल, त्या दिवशी आमची जीभ मोकळी झाली असे आम्ही समजू.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.