जुनी गाडी, नवे इंजिन



या मांडवात आपण वर्षानुवर्षे संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकत आला आहात. तेथे मी आज एका मोटारीच्या पोटातले इंजिन काढून दुसरे कसे बसवितात हे सांगणार आहे. कीर्तनाच्या मांडवात लोहाराने ऐरण मांडावी, असा हा प्रकार आहे. परंतु विषय दिसतो तितका गॅरेजपुरता नाही. जुने किती राखावे आणि नवे किती घ्यावे, हा प्रश्न वाड्याच्या दुरुस्तीत, देवळाच्या जीर्णोद्धारात, भाषेतसुद्धा आपणांपुढे उभा राहतोच. मोटारीत तो पान्याने सोडवावा लागतो, एवढाच फरक. आणि पान्याला शब्दांची भूल घालता येत नाही!

मी एकच उदाहरण घेतो. १९७२ साली इटलीतल्या फियाट कंपनीने ‘एक्स १/९’ या नावाची एक छोटी, दोन माणसांची गाडी बाजारात आणली. तिचा आकार बेर्तोने या ट्यूरिनच्या कारखान्यात मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटला. हे गांदिनी २०२४ साली निवर्तले. लांबोर्गिनीची ‘काउंटाश’ ही श्रीमंतांची गाडी त्यांचीच, आणि मध्यमवर्गीय तरुणाला परवडावी अशी ही लहान गाडीही त्यांचीच. तिचे इंजिन पुढे नाही. ते बसणाऱ्याच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या किंचित पुढे आडवे ठेवलेले आहे. वजन असे मध्यभागी आले म्हणजे गाडी वळणावर डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखी तोल सांभाळून वळते. वजन सुमारे नऊशे किलो, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि छप्पर काढून पुढच्या डिकीत ठेवता येते. १९८२ पासून ती बेर्तोनेने आपल्याच नावावर विकली आणि १९८९ पर्यंत बनविली. एकंदर सुमारे एक लाख साठ हजार गाड्या निघाल्या.

आता तिचे उणे सांगतो. अंग खेळाडूचे, पण श्वास तोकडा. आरंभीचे इंजिन १२९० सीसीचे आणि ७५ अश्वशक्तीचे होते. १९७८ नंतर १४९८ सीसी आणि ८५ अश्वशक्ती झाली. गाडी चालवून पाहणारे तेव्हापासून म्हणत आले की, या सांगाड्याला याहून मोठी ताकद सहज पेलवेल. कारखान्याने मात्र ती दिली नाही.

जे कारखान्याने दिले नाही, ते पुढे हौशी लोकांनी स्वतः घेतले. ते कोठून मिळाले, हीच या गोष्टीतली गंमत आहे. १९६९ साली फियाटने ‘१२८’ नावाची एक साधी कुटुंबाची गाडी काढली. तिचे इंजिन ऑरेलिओ लांप्रेदी यांनी आखले होते. लांप्रेदी पूर्वी फेरारीकडे इंजिने आखीत आणि १९५५ साली फियाटकडे आले. एक्स १/९ मध्ये बसले ते हेच इंजिन. त्याच घराण्यातला एक धाकटा भाऊ १९८५ साली ‘उनो टर्बो’ या गाडीत आला: सुमारे १३०० सीसी, १०५ अश्वशक्ती. पुढे तोच १३७२ सीसीचा होऊन ११८ अश्वशक्तीपर्यंत गेला. म्हणजे आकाराने थोरल्याहून लहान आणि ताकदीने तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त! घराणे एक असल्यामुळे हे इंजिन एक्स १/९ च्या गिअरबॉक्सला फारशी तोडफोड न करता जोडता येते. म्हणून युरोपात ही अदलाबदल बरीच रूढ झाली. सोयरीक जुळविताना गोत्र टाळावे लागते. येथे मात्र सगोत्रच हवे.

टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. कोळसा तोच असतो, पण वारा घातला की आच वाढते. इंजिनातही पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि साधे इंजिन ती स्वतःच्या श्वासाने ओढून घेते. टर्बोमध्ये इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या धुरावर एक लहान चक्र फिरते. त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. भाता हाताने ओढावा लागतो. हा भाता भट्टीच्या धुरावरच चालतो. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. इटलीत तिला एक व्यावहारिक कारणही मिळाले. दोन हजार सीसीच्या वरच्या गाड्यांवर तेथे जबर कर असे. म्हणून १९८२ साली फेरारीसारख्या कंपनीनेही १९९१ सीसीच्या लहान इंजिनाला टर्बो लावून २२० अश्वशक्ती काढली. करवसुली करणाऱ्यांनी यंत्रशास्त्राला असा हातभार लावल्याची उदाहरणे थोडीच असतील!

आता पुष्कळांना वाटते की जुने इंजिन उचलले, नवे ठेवले, चार बोल्ट आवळले की काम झाले. खरे काम तेथून सुरू होते.

पहिली अडचण उष्णतेची. उनोमध्ये इंजिन पुढे असते आणि समोरून येणारा वारा त्याला थंड करतो. एक्स १/९ मध्ये ते पाठीमागच्या बंद कोठडीत आहे. टर्बोचे चक्र तापून लाल होते. जवळची रबरी नळी किंवा तार त्या धगीने करपते. म्हणून तेथे उष्णतारोधक पत्रे घालावे लागतात. शिवाय दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. तिला निववणारा इंटरकूलर वारा लागेल अशाच जागी हवा. तो बसवावयाचा कोठे, यातच कारागिराचे अर्धे डोके खर्ची पडते. पाण्याचा रेडिएटर तर गाडीच्या नाकाशी आहे आणि तेथून इंजिनापर्यंत लांबलचक नळ गेलेले आहेत. चाळीस वर्षांचे ते नळ आतून गंजलेले असले, तर नवे इंजिन पहिल्याच घाटात उकळते.

दुसरी अडचण इंधनाची. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत पंप अगदी हलक्या दाबाने पेट्रोल पुरवितो. उनोच्या इंजेक्शनला त्याच्या जवळजवळ दहापट दाब लागतो. मग पंप नवा, नळ्या नव्या आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी वाटही नवी. या गाडीची टाकी चालकाच्या आसनामागेच आहे, हे लक्षात घ्या. तेथे एखादा सैल सांधा राहिला तर त्याला निष्काळजीपणा म्हणणे फार सौम्य होईल.

तिसरी अडचण तेलाची. लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला स्वच्छ तेलाची सतत धार लागते, आणि ते तेल आपल्या वजनाने खाली उतरेल इतका उतार परतीच्या नळीला ठेवावा लागतो. जोराने गाडी हाकून आल्यावर इंजिन एकदम बंद न करता मिनिट-दोन मिनिटे शांत चालू द्यावे. धावून आलेला बैलसुद्धा आपण लगेच दावणीला बांधीत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट इंजिनात नाहीच. ती ब्रेकमध्ये आहे, चाकांच्या सांध्यांत आहे आणि पत्र्यात आहे. ही गाडी गंजण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. ज्या पत्र्याने ८५ अश्वशक्तीचा ताण कसाबसा सोसला, त्यावर ११८ चा भार टाकण्यापूर्वी वेल्डिंगवाल्याला बोलवावे. पळण्याची ताकद वाढविण्याआधी थांबण्याची वाढवावी, हा नियम मी येथे मोटारीपुरताच सांगतो. श्रोत्यांनी तो आणखी कोठे लावला तर माझी हरकत नाही.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्न येतो. हे करावे काय?

एक पक्ष म्हणतो, जुनी गाडी हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे; त्यात खाडाखोड नको. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्यूरिनच्या नावाची एक सनदच केली आहे. बदल शक्य तितके कमी असावेत, ते पुन्हा पूर्ववत करता यावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, असा तिचा आशय आहे. दुसरा पक्ष म्हणतो, इंजिनांची देवघेव ही इटलीची घरचीच रीत आहे. फेरारीचे ‘दिनो’ इंजिन फियाटच्या गाडीत गेले, आणि तेच लांचियाच्या ‘स्त्रातोस’मध्ये बसले. ‘स्त्रातोस’चे रेखाटनही गांदिनींचेच, आणि तिने १९७४, १९७५ आणि १९७६ असे सलग तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळविले.

आपल्यालाही हे अपरिचित नाही. १९८५ साली मुंबईच्या प्रीमियर कंपनीने ‘११८ एनई’ ही गाडी काढली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचे. ‘एनई’ ही अक्षरे त्याचीच. आपल्यापैकी कित्येकांनी ती चालविली असेल, आणि इटालियन देहात जपानी हृदय आहे म्हणून कोणी अश्रू ढाळले नाहीत.

माझे मत विचाराल तर मी ‘स्त्रातोस’च्या उदाहरणावर सर्वस्वी विसंबणार नाही. कारखान्याने स्वतःच्या निर्मितीत केलेला बदल वेगळा, आणि निर्माता गेल्यावर आपण केलेला बदल वेगळा. निर्मात्याला चुकण्याचाही हक्क असतो. आपल्याला सांभाळण्याची जबाबदारी असते. म्हणून मी तीन अटी सांगतो. जी गाडी मोजक्या संख्येत उरली आहे, तिला हात लावू नये. लाखाच्या वर निघालेल्यांपैकी एखादी बदलली तर इतिहास पुसला जात नाही. बदल असा करावा की मूळ लोखंड कापावे लागणार नाही, आणि मूळ इंजिन तेल लावून, झाकून, गाडीबरोबरच ठेवावे. आणि तिसरे, जे केले ते कागदावर असावे. जर्मनीत असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे बावन्नावे कलम परवानगीवाचून असा फेरफार करू देत नाही. हा कायद्याचा जाच नव्हे. पुढच्या मालकाला आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाला खरे काय ते कळले पाहिजे.

शेवटी एकच सांगतो. हे काम चांगले करणारा कारागीर जुन्या इंजिनाचा तिरस्कार करीत नाही. ते किती चांगले होते आणि कोठे कमी पडले, हे त्याला नेमके ठाऊक असते. ज्याला जुन्याची ओळख नाही, त्याने त्यात नवे घालू नये. तो जीर्णोद्धार होत नाही. नुसती मोडतोड होते.