तार आणि तिसरी पिन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी कविता लिहिणारा माणूस. लघु-गुरू मोजण्यात तीसेक वर्षं गेली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात धाकट्या लेकीने विचारलं, ‘‘अब्बू, नऊचा सेट आणाल की दहाचा?’’ तेव्हा मला आधी वाटलं, मात्रांचंच काही विचारते आहे. नंतर कळलं, तिला इलेक्ट्रिक गिटारच्या तारा हव्या होत्या. गिटार तिच्या मामाने दिलेली, जुनी. तारा गंजलेल्या. आणि मी नाशकातल्या एका वाद्यांच्या दुकानात जाऊन छातीठोकपणे चुकीचा सेट घेऊन आलो.

ती चूक काय होती, हे सांगायलाच आज बसलो आहे. घराघरांत मुलं गिटार मागताहेत. आईबाप पैसे देतात, पण तारेच्या पुडक्यावरचे आकडे त्यांना वाचता येत नाहीत. मलाही येत नव्हते.

तर आधी हा आकडा. ‘नऊ’ म्हणजे सेटमधली सगळ्यात बारीक तार एका इंचाच्या हजार भागांतले नऊ भाग जाड. मिलिमीटरमध्ये 0.23. पुडक्यावर ‘09-42’ असं लिहिलेलं असतं, त्यात बेचाळीस ही सगळ्यात जाड तार. ‘10-46’ हा त्याच्या पुढचा सेट. फरक केसाएवढा वाटतो, पण बोटांना लगेच कळतो. नेहमीच्या सुरात लावल्यावर नऊच्या सहा तारा मिळून गिटारच्या मानेवर सुमारे 38 किलोचा ताण देतात, दहाच्या सहा तारा सुमारे 47 किलोचा. म्हणजे एवढ्याशा लाकडी मानेला रात्रंदिवस जवळपास सिमेंटच्या गोणीएवढा ओढा सोसावा लागतो. शिकाऊ मुलांनी नऊने सुरुवात करावी. बोटं कमी सोलतात, तार ओढून सूर चढवणं सोपं जातं. हात जड असेल, किंवा गिटार खालच्या सुरात लावायची असेल, तर दहा किंवा त्याहून जाड. मात्र जाडी बदलली की मानेतल्या लोखंडी दांडीचा पीळ आणि घोडीची उंची पुन्हा जुळवून घ्यावी लागते. म्हणून एकदा जमलेली जाडी उगाच बदलू नये.

जाड तार खाली का बोलते आणि बारीक वर का? याचं गणित मेर्सेन नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने 1636 साली मांडलं. तार लांब केली, जड केली की सूर उतरतो. ताणली की चढतो. गणित त्याने लिहिलं, पण हाताला ते आपल्याकडच्या कारागिरांना केव्हाच ठाऊक होतं. मिरजेला जा. तिथली शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंबोरे आणि सतारी करू लागली, आणि पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यावर जोडाच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची तार जाड, पितळेची. पितळ पोलादापेक्षा जड, म्हणून फार ढिली न करताही खाली उतरते आणि गोड बोलते. पं. विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत शिकले आणि उत्तरायुष्यात आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम काढून राहिले. म्हणजे मिरजेच्या तारेशी आपलं नातं जुनं आहे.

माझी चूक इथेच झाली. तंबोऱ्याचं मनात होतं. दुकानात पिवळ्याधमक तारांचं पुडकं दिसलं, वर ‘फॉस्फर ब्राँझ’ लिहिलेलं. म्हटलं, कांसं म्हणजे भारी वस्तू, घंटा कांशाची असते. घेतलं. घरी लेकीने तारा चढवल्या, वायर जोडली, छेडलं. बारीक दोन तारा खणखणीत बोलल्या आणि जाड तारा सर्दी झाल्यासारख्या.

कारण सोपं आहे. साधी गिटार पोटाच्या पोकळीने बोलते. तिला ब्राँझच्या तारा शोभतात. इलेक्ट्रिक गिटारला पोट नाही. तारांच्या खाली तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेलं लोहचुंबक बसवलेलं असतं, त्याला पिकअप म्हणतात. त्याच्यावर पोलाद थरथरलं की वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने 1831 साली दाखवलेला हाच तो नियम. पितळ, कांसं चुंबकाला ओळखत नाहीत. ब्राँझच्या जाड तारेत आतला गाभा पोलादी असतो, तेवढाच काय तो बोलतो. नायलॉनची तार तर या पिकअपवर मुकीच. म्हणून इलेक्ट्रिक गिटारसाठी पुडक्यावर ‘निकेल प्लेटेड स्टील’ लिहिलेलं पाहावं. शुद्ध निकेलचं वेष्टण थोडं मऊ, जुन्या रेकॉर्डसारखं बोलतं. स्टेनलेस स्टील झणझणीत, गंज कमी, पण पडदे लवकर झिजवतं.

आमच्या शेजारचा मुलगा बास वाजवतो. बासच्या चारच तारा, पण त्यांचं दुखणं वेगळं. नेहमीचा सेट ‘45-105’. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरहून जाड, आणि सूर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा. बास घेताना जाडीबरोबर लांबीही बघावी. घोडीपासून मानेवरच्या खाचेपर्यंत 34 इंच असेल तर ‘लाँग स्केल’, 30 च्या आसपास असेल तर ‘शॉर्ट स्केल’. आखूड तार लांब बासला पुरत नाही. आणि लांब तार आखूड बासवर चढवली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन तुटू शकतो. दुसरी निवड वेष्टणाची. गोल वेष्टणाची तार टणक आणि झगझगीत बोलते, बोट सरकलं की खरखरते. चपट्या वेष्टणाची गुळगुळीत, आवाज भरीव आणि दबका. ती वर्षानुवर्षं टिकते. बासचा सेट गिटारच्या सेटहून बराच महाग पडतो, म्हणून आधी विचारून, ऐकून घ्यावा. आणि बास घरच्या टेपच्या स्पीकरला जोडू नये. त्या खालच्या सुरांनी स्पीकरचा पडदा फाटतो.

तारेबरोबर काय काय घ्यावं? खुंट्या भराभर फिरवायला एक फिरकी. टोकं कापायला चांगली कटर. कापलेलं टोक सुईसारखं असतं, ते लगेच उचलून कागदात गुंडाळावं, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. मानेला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर. नखी, म्हणजे पिक, पातळ-मध्यम-जाड अशा दोन-तीन घेऊन बघाव्यात. आणि सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात कामाचं म्हणजे सुती फडकं. नाशकात पावसाळ्यात हवा दमट, एप्रिल-मेमध्ये बोटांना घाम. वाजवून झाल्यावर तारा पुसल्या तर त्या बऱ्याच जास्त टिकतात. आवरण चढवलेल्या तारा मिळतात, महाग असतात, पण ज्याच्या घामाने तारा आठवड्यात काळ्या पडतात त्याला त्या परवडतात. बदलताना एकेक तार बदलावी, खुंटीवर दोन-तीन वेढे द्यावेत, हळूच ओढून पुन्हा सुरात लावावी. नवी तार पहिले दोन दिवस उतरतेच. ती दुकानदाराची फसवणूक नव्हे.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. कॉलेजात आमच्या एका मित्राने गिटारवर सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर चढवला होता. वायरीचा पीळ शेवटपर्यंत गेला नाही आणि सूर कायम डोलत राहिला. आम्ही त्याला लाटकरी गिटार म्हणायचो. हसण्यावारी गेलं. पण एक काटकसर हसण्यावारी जात नाही. ती आमच्या घरात घडली.

माझे अब्बा दिवसा भांडी बाजारात कल्हई करायचे आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवायचे. बेंजो म्हणजे आपला टंकलेखन यंत्रासारख्या बटणांचा, तारांचा. मंडपातल्या अँप्लिफायरला जोडला की दोन गल्ल्या जागा व्हायच्या. अब्बांच्या खिशात तंबाखूचा एक पत्र्याचा डबा असे, त्यात तंबाखू नसून तारांची वेटोळी असत. 1984 सालच्या लग्नसराईतली गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो, सामान उचलायला बरोबर गेलो होतो. गाणं संपलं, अब्बांचा डावा हात तारांवर होता आणि उजव्या हाताने त्यांनी माइकचा लोखंडी दांडा जवळ ओढला. पुढे मला फक्त त्यांचा चेहरा आठवतो. ओरडताही येत नव्हतं. कुणीतरी लाकडी खुर्ची मारून दांडा पाडला. अब्बा वाचले. डाव्या हाताच्या दोन बोटांना पुढे कधी नीट स्पर्श कळला नाही. बेंजो माळ्यावर गेला.

नंतर वायरमनने दाखवलं. अँप्लिफायर घुमायचा, म्हणून त्याच्या वायरीची तिसरी पिन कुणीतरी कापून टाकली होती. श्रोतेहो, हे नीट ऐका. इलेक्ट्रिक गिटारमध्ये घोडीतून एक वायर जाते आणि तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचा हात तारेवर पडला की घुमणं कमी होतं ते त्यामुळेच. अर्थिंग शाबूत असेल तोवर ही सोय आहे. ते तुटलं आणि यंत्रात कुठे वीज उतरली, तर तीच तार जिवंत होते. एका हातात ती तार आणि दुसऱ्या हातात दुसऱ्या यंत्राला जोडलेला माइक आला, की वीज छातीतून जाते. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. नऊ की दहा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न प्लगचा. ज्या यंत्राला कंपनीने तीन पिना दिल्यात, तिची तिसरी कापू नका, दोन पिनांचा जुगाड लावू नका. घरातल्या बोर्डला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनला बोलावून तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. मंडपात गिटारचा अँप्लिफायर आणि माइकचं यंत्र एकाच अर्थिंगवर असू द्या. तारेला किंवा माइकला हात लागून बारीक मुंगी जरी आली, तरी वाजवणं थांबवा. आणि यंत्र घुमत असेल तर आधी वायर बदला, जागा बदला, ट्यूबलाइटपासून दूर बसा. गिटारला अँप्लिफायरशी जोडणारी वायर चांगली, जाड जाळीची घ्या. अर्धी घुमघुम तिथेच जाते.

लेकीने पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार मागितली तेव्हा मी वर्षभर टाळाटाळ केली. अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं कारण तो मंडप होता. शेवटी तिच्या आजीनेच मला सुनावलं, ‘‘अरे, तुझ्या अब्बांना काय बेंजोने मारलं होतं? कापलेल्या पिनेने मारलं. पोरीला का शिक्षा देतोस?’’ मग मी वायरमनला बोलावलं. आमच्या घरातल्या त्या खोलीत अर्थिंग नव्हतंच. पंचवीस वर्षं आम्ही तिथे राहत होतो. ते करून घेतलं आणि मग दुकानात गेलो.

चुकीचा सेट लेकीने वाया घालवला नाही. तो शेजारच्या साध्या गिटारवर चढला. माझ्याबरोबर येऊन तिने स्वतः निकेलचा नऊचा सेट निवडला. सुटी वेटोळी ठेवायला तिला डबा हवा होता. मी माळ्यावर चढलो. बेंजोच्या शेजारी तंबाखूचा तो पत्र्याचा डबा होता. आत दोन तारा अजून होत्या, पार गंजलेल्या. त्या मी काढून टाकल्या आणि डबा तिला दिला.

आता संध्याकाळी तिच्या खोलीतून सूर येतात. वाजवण्याआधी ती प्लग हातात घेऊन पिना मोजते, मला ऐकू जाईल अशा आवाजात. एक, दोन, तीन. मग तार छेडते.