शेवटच्या गड्याची वेळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



धावण्याची शर्यत कशी जिंकतात, हे पहिलीतल्या मुलालाही सांगावे लागत नाही. जो आधी पोहोचतो तो पहिला. दुसऱ्या-तिसऱ्याचे नाव फळ्यावर लागते. त्यांच्यामागे कोण होते, हे आठवडाभरानंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही. शाळेच्या मैदानापासून ऑलिंपिकपर्यंत बहुतेक शर्यतींचा हाच न्याय आहे.

या न्यायाला अपवाद असणारी एक शर्यत गेल्या साडेतीन दशकांत जगभर रुजली आहे. तिला 'अॅडव्हेंचर रेस' म्हणतात. मराठीत तिला सांघिक साहसशर्यत म्हणता येईल. तिच्यात संघातले तिघे अंतिम रेषेशी येऊन उभे राहिले आणि चौथा अजून वाटेवर असला, तर घड्याळ चालूच राहते. संघाची वेळ म्हणजे त्याच्या शेवटच्या गड्याची वेळ. या एका नियमामुळे शर्यतीचे सारे रूप कसे बदलते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या शर्यतीची थोडी ओळख. 1989 साली जेरार फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराने न्यूझीलंडमध्ये 'रेड गोल्वाझ' नावाची स्पर्धा भरवली. संघ पाच जणांचा, त्यात किमान एक स्त्री हवी, आणि सारा प्रवास इंजिनाच्या वाहनाशिवाय व्हावा, अशा तिच्या अटी होत्या. 1995 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात मार्क बर्नेट यांनी 'इको-चॅलेंज' सुरू केली. दूरचित्रवाणीमुळे हा खेळ घरोघरी पोहोचला आणि पुढे त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होऊ लागली. तेथे आज संघ चार जणांचा व स्त्री-पुरुष मिश्र असतो. सगळीकडे हीच संख्या असते असे नाही. पुण्याच्या परिसरातील सह्याद्रीत भरत आलेल्या 'एन्ड्युरो-3' या स्पर्धेत, नावाप्रमाणेच, तिघांचा संघ असतो.

मोठ्या स्पर्धा अनेक दिवस चालतात. डोंगर चढायचे, रान तुडवायचे, सायकल हाकायची, कयाक वल्हवत नद्या व समुद्राच्या खाड्या ओलांडायच्या, दोराच्या आधाराने कडे उतरायचे, असे टप्पे एकामागून एक येतात. रात्र झाली म्हणून घड्याळ थांबत नाही. केव्हा झोपायचे आणि किती वेळ, हे संघानेच ठरवायचे असते. आणि झोपेत गेलेला प्रत्येक तास शर्यतीच्या वेळेत धरला जातो.

आता नियम पाहू. पहिला नियम सोबतीचा. संघातील सर्वांनी सदैव एकमेकांच्या जवळ राहावे लागते. किती जवळ, हेही ठरलेले असते. जागतिक मालिकेत ही मर्यादा शंभर मीटरची आहे. एकाला पुढे पाठवून नाक्यावरची नोंद करून आणायची आणि बाकीच्यांनी सावलीत बसायचे, ही पळवाट त्यामुळे बंद होते. प्रत्येक नाक्यावर अख्खा संघ हजर असावा लागतो. एखादा नाका चुकला, तर नियमावलीप्रमाणे संघाच्या वेळेत दंडाची भर पडते, क्रमवारीत घसरण होते, किंवा संघ बादही होतो.

दुसरा नियम वाटेचा. आखलेली वाट, रंगवलेले बाण असे येथे काही नसते. संघाला नकाशे आणि नाक्यांच्या जागा दिल्या जातात. मधली वाट संघाने शोधायची. साधन म्हणजे होकायंत्र. उपग्रहावरून स्थान दाखवणारी उपकरणे वापरण्यास मनाई असते आणि मोबाइल फोनही संकटाखेरीज वापरता येत नाही. संयोजकांनी दिलेले एक यंत्र संघाच्या पिशवीत असते. त्यावरून संयोजकांना संघ कोठे आहे ते कळते. संघाला मात्र त्यातून काही कळत नाही. नकाशा वाचणारा दमला आणि एका ओढ्याऐवजी दुसऱ्या ओढ्याने खाली उतरला, की चौघांची चार तासांची पायपीट वाया जाते. त्या क्षणी बाकीचे तिघे त्याला काय म्हणतात, यावर पुढचे दोन दिवस ठरतात.

तिसरा नियम साहित्याचा. हेल्मेट, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, ऊब राखणारे आवरण, पाण्यावर तरंगवणारे जाकीट अशी यादी ठरलेली असते. तपासणी कधीही, कोणत्याही नाक्यावर होऊ शकते. वजन कमी करण्यासाठी शिट्टी घरी ठेवणाऱ्याला दंड होतो. हा दंड कोणाला जाचक वाटेल. पण या खेळात मरण खरोखर जवळून जाते. 2004 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या 'प्रायमल क्वेस्ट' स्पर्धेत नायजेल एलॉट हे ऑस्ट्रेलियन स्पर्धक डोंगरावरून सुटलेल्या शिळेखाली सापडून मृत्यू पावले. म्हणूनच कित्येक स्पर्धांत अंधार पडल्यावर नदीच्या धोकादायक पट्ट्यांत उतरण्यास बंदी असते. किनाऱ्यावर पोहोचायला पाच मिनिटे उशीर झाला, तर पहाटेपर्यंत तेथेच थांबावे लागते.

चौथा नियम मदतीचा, आणि त्याला दोन बाजू आहेत. बाहेरच्यांची मदत घ्यायची नाही. कोणाच्या वाहनात बसायचे नाही, ओळखीच्याला वाटेवर शिधा घेऊन उभे करायचे नाही. परंतु दुसरा संघ संकटात दिसला, तर त्याला मदत केलीच पाहिजे. त्यात गेलेला वेळ संयोजक नंतर भरून देतात. मदत न करता पुढे गेलेला संघ मात्र दोषी ठरतो. जिंकण्याच्या घाईला माणुसकीवर मात करू द्यायची नाही, एवढी खबरदारी नियमानेच घेतलेली असते.

पाचवा नियम सर्वांत कठोर आहे. एक गडी गळाला, तर संघ गळाला. काही स्पर्धांत उरलेल्यांना क्रमवारीबाहेर राहून वाट पुरी करू देतात; पण विजेत्यांच्या यादीत त्यांना जागा नसते. म्हणजे संघातला सर्वांत चपळ माणूस कितीही चपळ असला, तरी त्याचे यश सर्वांत थकलेल्याच्या पायांवर अवलंबून असते.

या पाच नियमांतून जे घडते ते मोठे लक्षणीय आहे. पहिल्याच दिवशी संघाला कळते, की बलवानाने पुढे पळण्यात काही अर्थ नाही. मग तो आपले बळ दुसऱ्यासाठी वापरू लागतो. संघातल्या संघात ओझे वाटून घेण्यास मुभा असते. त्यामुळे ज्याच्या पायाला फोड आले आहेत त्याची पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर जाते. चढावर पुढच्याच्या कमरेला बांधलेला ताणला जाणारा दोर मागच्याच्या कमरेला अडकवतात. सायकलींनाही असा दोर लावतात. असे ओढून नेणे गैर मानले जात नाही. अव्वल संघ तर ते सर्वांत आधी करतात.

पण दोर लावून घ्यायला दोर देण्यापेक्षा अधिक धैर्य लागते. या शर्यतीत संघ मोडतात ते बहुधा लपवलेल्या थकव्यामुळे. ज्याला ताप भरला आहे, पाणी पोटात ठरत नाही, तो भिडेपोटी गप्प राहतो. सहा तासांनी तो कोसळतो, तेव्हा जवळचा तळ मागे पडलेला असतो. वेळेवर सांगितले असते, तर तासाभराच्या विश्रांतीने भागले असते. 'आता माझ्याने होत नाही' हे वाक्य येथे तक्रार ठरत नाही. नकाशावरच्या खुणेइतकीच ती उपयोगाची माहिती असते. आणि हे वाक्य कोणी उच्चारील की नाही, हे ऐकणाऱ्या तिघांच्या चेहऱ्यांवर अवलंबून असते.

2019 साली फिजीमध्ये झालेल्या इको-चॅलेंजमध्ये 66 संघ उतरले होते आणि मार्ग 671 किलोमीटरचा होता. देहरादूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या भगिनी, ज्यांनी 2013 मध्ये एकत्र एव्हरेस्ट सर केले होते, भारतीय संघातून त्यात सहभागी झाल्या. त्याच स्पर्धेत अमेरिकेचे मार्क मेसी हे अनुभवी स्पर्धक होते. त्यांना स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकाराने गाठले होते. जुन्या इको-चॅलेंज स्पर्धा गाजवलेल्या या माणसाबरोबर त्यांचा मुलगा ट्रॅव्हिस त्याच संघात चालत होता. एके काळी ज्या पित्याकडे पाहून मुलगा या खेळात आला, त्याचा वेग आता मुलाने स्वीकारला होता. स्पर्धा न्यूझीलंडच्या संघाने जिंकली. मेसी पितापुत्रांच्या संघाचे नाव विजेत्यांत नाही. तरी ती स्पर्धा पाहिलेल्या अनेकांच्या मनात त्यांचीच आठवण राहिली.

भारतीय मनाला या शर्यतीची वाट ओळखीची वाटावी असा एक प्रवास महाभारताच्या अखेरीस आहे. महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाच्या वाटेला लागतात. मागून एक कुत्रा चालत असतो. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालत राहतो. साहसशर्यतीच्या नियमाने पाहिले, तर हा संघ द्रौपदी पडली तेथेच बाद झाला. परंतु कथा तेथे संपत नाही. इंद्राचा रथ दारी आला असता, सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. पुढे स्वर्गात भाऊ दिसत नाहीत, तेव्हा ते जेथे असतील तेथेच राहण्याचे तो ठरवतो. एकट्याने पोहोचणे हे पोहोचणे नव्हे, हे त्यालाही अखेर उमगलेले दिसते.

योगायोग असा, की 2014 मध्ये इक्वेडोरमध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही एक कुत्रा होता. मिकाएल लिंडनॉर्ड या स्वीडिश कप्तानाने एका जखमी भटक्या कुत्र्याला आपल्या डब्यातला खाऊ दिला आणि तो चिखल-रानातून संघामागे चालू लागला. कयाकच्या टप्प्यावर त्याला मागे ठेवावे, असा सल्ला संयोजकांनी सुरक्षिततेसाठी दिला. कयाक निघाल्या तसा कुत्रा पाण्यात उतरून पोहू लागला. संघाने त्याला उचलून कयाकमध्ये घेतले. पुढे आर्थर या नावाने तो स्वीडनमध्ये लिंडनॉर्ड यांच्या घरी राहिला. त्या संघाने शर्यत पुरी केली, हे नियमावलीत बसणारे यश होते. कुत्र्याला मागे न ठेवणे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. शंभर मीटरच्या नियमात दिवसेंदिवस वावरल्यावर मागे वळून पाहण्याची सवयच लागते, असे म्हणावे काय?

ही सवय शाळेत लावता येईल. त्यासाठी ना फिजीचा समुद्र लागतो, ना महागड्या सायकली. शाळेने अर्ध्या दिवसाची एक छोटी शर्यत योजावी. संघ चौघांचा, त्यात मुले-मुली दोन्ही, आणि पाचवीपासून नववीपर्यंतच्या वेगवेगळ्या इयत्तांतले. परिसराचा नकाशा मुलांनी आधी भूगोलाच्या तासाला स्वतः काढावा. चालणे, सायकल, मैदानातील दोरीचा अडथळा आणि एखादे कोडे एवढे टप्पे पुरेत. पाण्याचा टप्पा प्रशिक्षित जीवरक्षकाशिवाय ठेवूच नये. रहदारीच्या रस्त्यावर नाके नकोत. प्रत्येक नाक्यावर एक शिक्षक किंवा पालक, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. संघातील अंतर वीस पावलांहून अधिक होऊ नये. ओझे वाटून घेण्यास मुभा, दुसऱ्या संघाला मदत केल्यास गेलेली वेळ परत, आणि आपल्या गड्याला हिणवल्यास पाच मिनिटांचा दंड. ठरल्या वेळी शाळेची घंटा वाजली, की शर्यत संपली; जो जेथे असेल तेथून त्याला सन्मानाने आणावे. आणि वेळ मोजणाऱ्याने घड्याळ थांबवावे ते चौथ्या मुलाचा पाय रेषेवर पडेल तेव्हा.

हा शेवटचा नियम शाळेलाही लागू करून पाहण्याजोगा आहे. मराठी मुलखाबाहेर, भोवताली दुसऱ्या भाषा बोलल्या जात असताना, या शाळेने साठ वर्षे मराठीतून शिकवले. गुणवंतांची नावे सभागृहातील फलकावर आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण कोणत्याही शाळेत काही मुले अशी असतात, ज्यांच्या घरी पुस्तक नसते, ज्यांचा गणिताचा धागा सहावीतच तुटलेला असतो, जी हात वर करून 'कळले नाही' म्हणायला भितात. त्या मुलांना तेवढे म्हणता यावे, असा वर्ग घडवणे शिक्षकांच्या हाती आहे. तसे म्हणणाऱ्याला न हसणे बाकावरच्या सोबत्यांच्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे पुढे आहेत त्यांनी पुढेच राहावे. नकाशा कोणीतरी वाचायलाच हवा. मात्र दर थोड्या वेळाने वळून पाहावे आणि अंतर वाढले असेल, तर दोर मागे टाकावा. जे मागे आहेत त्यांनी तो धरायला लाजू नये. पुढच्या चढावर कदाचित दोर देण्याची पाळी त्यांचीच असेल.