रंगकर्मींचा गौरव : शालीपलीकडचा प्रश्न

(बंगळूर येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



रंगभूमीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांचा गौरव, या विषयावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी नट नाही, नाटककारही नाही. भाषांतर हे माझे काम. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचवायचे आणि आपण मागे राहायचे. म्हणूनच असेल, पण सत्कार समारंभात माझे लक्ष व्यासपीठाच्या मध्यापेक्षा त्याच्या कडांकडे अधिक जाते.

काही वर्षांपूर्वी याच शहरात एका वृद्ध नटाचा सत्कार पाहिला. डोक्यावर म्हैसुरी पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, हातात फळांची परडी. पाहुण्यांची भाषणे दीड तास चालली. सत्कारमूर्तींना पाच मिनिटे मिळाली. नंतर ते मला बसथांब्यावर भेटले. परडी जड आहे, घरी खाणारे कोणी नाही, असे सांगून त्यांनी दोन सफरचंदे माझ्या हातात ठेवली. घरभाड्याची आणि औषधांची चिंता त्यांनी न विचारता सांगितली. तक्रारीचा सूर मात्र नव्हता. उलट शेवटच्या प्रयोगाला किती माणसे होती, हे ते हिशेब सांगावा तसे सांगत होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात आहे. समाज जेव्हा कलावंताचा गौरव करतो, तेव्हा तो नेमके काय देतो?

जुने देणेघेणे

बंगळूरच्या रंगभूमीचे ऋण मराठी माणसाने मान्य करावे, याला इतिहासाचा आधार आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळ कर्की नावाचे गाव आहे. तेथील यक्षगान मंडळींचे खेळ १८४२ साली सांगली संस्थानात झाले. ते पाहून प्रेरणा घेतलेल्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तेथूनच आपण आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात मोजतो.

दुसरी आठवण आपल्या चळवळीला अधिक जवळची आहे. इप्टाची अखिल भारतीय स्थापना १९४३ साली मुंबईत झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. कामगारपुढारी ना. म. जोशी तिचे अध्यक्ष आणि अनिल डी सिल्वा सरचिटणीस होत्या. परंतु त्याआधी १९४१ साली याच बाईंच्या पुढाकाराने ‘पीपल्स थिएटर’ बंगळुरात सुरू झाले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्या प्रवाहात पुढे अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांचा आवाज मिसळला, त्याचा एक झरा या शहरात होता.

कंपनी म्हणजे कारखाना

कन्नड रंगभूमीच्या गौरवात पहिले नाव येते ते गुब्बी वीरण्णांचे. १८८४ साली स्थापन झालेल्या गुब्बी कंपनीला त्यांनी कर्नाटकाच्या घराघरांत पोहोचविले. त्यांच्या ‘कुरुक्षेत्र’ नाटकात खरे हत्तीघोडे रंगमंचावर येत. राजकुमार, जी. व्ही. अय्यर, ब. व. कारंत ही मंडळी या कंपनीच्या छायेत वाढली. वीरण्णांना १९७२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देते, आणि त्यांची नात बी. जयश्री यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने तो वारसा चालविला आहे.

हा गौरव योग्यच आहे. पण नाटक कंपनी ही केवळ एका थोर नटाची सावली नव्हे, तो कष्टकऱ्यांचा एक फिरता कारखाना असतो. पडदे रंगविणारा, तंबू ठोकणारा, पेटी वाजविणारा, वेश शिवणारा, तीन वेळा स्वयंपाक करणारी बाई, हे सारे त्या हत्तीघोड्यांइतकेच नाटकाला आवश्यक होते. सिनेमाने तंबू रिकामे केले, तेव्हा नामवंत नटांपैकी काहींना पडद्यावर जागा मिळाली. तंबू ठोकणाऱ्याला कोठे मिळाली? गौरवाच्या इतिहासातून गळलेली ही नावे पुन्हा मिळविणे फार कठीण आहे, कारण ती जाहिरातीवर कधी छापलीच गेली नाहीत.

उघड्या आकाशाखाली

१९६३ साली येथे रवींद्र कलाक्षेत्र उभे राहिले. १९७२ साली कारंतांनी त्याच्या परिसरात उघड्यावर ‘ईडिपस’, लंकेशांचे ‘संक्रांती’ आणि चंद्रशेखर कंबारांचे ‘जोकुमारस्वामी’ ही नाटके केली, आणि नव्या कन्नड रंगभूमीला वेग आला. पुढे त्यांनी ‘बेनक’ ही संस्था काढली. हे नाव म्हणजे ‘बेंगळूरु नगर कलाविदरु’ या शब्दांची आद्याक्षरे, म्हणजे बंगळूर नगरीचे कलावंत. नावात कोणा एका व्यक्तीचा उल्लेख नाही, ही गोष्ट भाषांतर करताना मला नेहमी आवडते.

१९७५ साली, आणीबाणीच्या वर्षी, प्रसन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘समुदाय’ सुरू केली. बिहारमधील बेलछी येथे १९७७ साली झालेल्या दलितांच्या हत्याकांडावरचे ‘बेलछी’ हे पथनाट्य घेऊन तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. सी. जी. कृष्णस्वामींसारखे प्राध्यापक दिवसा अर्थशास्त्र शिकवीत आणि संध्याकाळी तालमी घेत. या माणसांपैकी बहुतेकांच्या खांद्यावर कधी शाल पडली नाही. त्यांचा गौरव कोणत्या रकान्यात लिहायचा?

चालू राहणारे स्मारक

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. होन्नावर परिसरात जन्मलेले शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडले. तेथेच त्यांची अरुंधती राव यांच्याशी गाठ पडली. या मराठी मुलीने मुंबईत इप्टामध्ये काम केले होते. १९८० साली विवाह करून ती बंगळुरास आली, कन्नड शिकली, कन्नड रंगभूमीची झाली. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेले. वयाची छत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच अपघातात अरुंधतीबाई गंभीर जखमी झाल्या.

अशा माणसाचा जीवनगौरव कसा करणार? त्याला वार्धक्यच आले नाही. एखाद्या चौकात पुतळा बसविता आला असता. त्याऐवजी अरुंधती नाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाट्यगृह बांधण्याचे ठरविले. सरकारने दिलेल्या जागेवर, सरकारचा, उद्योगांचा आणि सामान्य नाट्यप्रेमींचा पैसा गोळा करीत २००४ साली जे. पी. नगरात ‘रंगशंकर’ उभे राहिले. अपघातापासून पहिल्या घंटेपर्यंत चौदा वर्षे गेली. सुमारे तीनशे आसनांचे हे नाट्यगृह रोज एक नाटक हे सूत्र धरून चालते. हौशी मंडळींना पेलेल असे भाडे, प्रेक्षकाला पेलेल असे तिकीट, आणि प्रयोग वेळेवर सुरू. उशिरा येणाऱ्याला, तो कोणीही असो, दार उघडत नाही. मंत्र्याच्या गाडीसाठी तासभर ताटकळणाऱ्या सभागृहांची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना या नियमातली समता वेगळी समजावून सांगायला नको.

अरुंधती नाग यांना २०१० साली पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल तर त्यांच्या कार्याची खरी पोच त्या नाट्यगृहाच्या दारावर रोज संध्याकाळी मिळते.

यावर काही मित्र आक्षेप घेतात. उद्योगपतींचा पैसा, दक्षिण बंगळूरचा मध्यमवर्गीय प्रेक्षक. पीण्याचा कामगार दिवसपाळी संपवून तेथे वेळेवर पोहोचेल काय? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण त्याचा निष्कर्ष हे नाट्यगृह व्यर्थ, असा निघत नाही. पीण्यालाही असे नाट्यगृह हवे, असा निघतो. एका बाईने चौदा वर्षे दारोदार फिरून जे केले, ते प्रत्येक कामगार वस्तीत करण्याची जबाबदारी नगरपालिकेची आणि सरकारची आहे.

गौरवाची दुसरी अट

गिरीश कर्नाड माथेरानला जन्मले आणि बंगळुरात वारले. विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेला त्यांचा ‘तुघलक’ वाचून मी भाषांतराकडे वळलो. कर्नाडांना १९९८ साली ज्ञानपीठ मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये, गौरी लंकेश यांच्या हत्येला वर्ष झाले तेव्हा, नाकात प्राणवायूची नळी आणि गळ्यात निषेधाची पाटी अशा अवस्थेत ते या शहरात सभेला येऊन बसले. १० जून २०१९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार सरकारी इतमाम नाकारला गेला. कॉम्रेड पानसरे आणि प्राध्यापक कलबुर्गी यांना २०१५ साली गमावलेल्या आपल्या दोन्ही राज्यांना त्या पाटीचा अर्थ कळतो. बोलणाऱ्याच्या जिवाची हमी नसेल, तर त्याच्या अंगावरची शाल ही थट्टा ठरते.

तेव्हा आपण काय मागावे? पहिले, वृद्ध कलावंतांच्या मानधनाच्या योजना दोन्ही राज्यांत आहेत. त्या रकमेत माणूस जगेल आणि ती दरमहा वेळेवर हाती पडेल, असा आग्रह धरावा. पडद्यामागच्या कामगारालाही कलावंत म्हणून त्यात स्थान हवे. दुसरे, सार्वजनिक नाट्यगृहांचे भाडे हौशी व कामगार मंडळींच्या आवाक्यात ठेवावे. तिसरे काम आपले स्वतःचे आहे. आपल्या वस्तीत जुना नट, पेटीवाला, रंगभूषाकार असेल, तर त्याच्यापाशी वही घेऊन बसावे आणि त्याच्या सोबत्यांची नावे लिहून घ्यावीत.

मी त्या बसथांब्यावरच्या नटाकडे अशीच वही घेऊन गेलो. त्यांनी स्वतःविषयी फार थोडे सांगितले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकोणीस नावे लिहायला लावली, आणि त्यांतले पहिले नाव कंपनीतल्या स्वयंपाकीणबाईंचे होते.