मेंदूचा रकाना

 

परिषदेच्या अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. जॉन गिबन यांनी 1953 साली फिलाडेल्फियात हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. 1971 मध्ये डोनाल्ड हिल यांनी कॅलिफोर्नियात अपघातात सापडलेल्या एका तरुणाला तीन दिवस अशा यंत्रावर ठेवून वाचवले. 1975 मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी त्याच पद्धतीने एका नवजात मुलीला जगवले. आपल्याकडे कोविडच्या लाटेत याच तंत्राचे एक्मो हे नाव घरोघरी पोहोचले. आढावा एवढाच पुरे. पुढचा वेळ मला एका गोष्टीसाठी हवा आहे. ती मी अनेक वर्षे बोलायची राखून ठेवली आहे.

आपल्या एक्मो चार्टवर मेंदूला जागा नाही.

फ्लो, आरपीएम, स्वीप, लघवी या सगळ्याची दर तासाला नोंद होते. डोळ्यांच्या बाहुल्यांची मात्र शिफ्टमधून एकदा, आणि तीही बऱ्याचदा मागच्या शिफ्टची ओळ उतरवून. राऊंडवर विचारले, ‘न्यूरो?’ की उत्तर येते, ‘सिडेटेड’. पुढचा बेड. एका मोठ्या रुग्णालयात मी तासागणिक एक रकाना मागितला होता. बाहुल्या, हाका मारल्यावर प्रतिसाद, चारही हातपायांची हालचाल, एवढेच. प्रशासनाचे उत्तर आले, कागदावर जागा नाही. त्याच कागदावर रुग्णालयाचे बोधचिन्ह दोनदा छापलेले होते.

कालच्या सत्रात वाद रंगला, की मेंदूत रक्तस्राव झाला तर रक्त गोठू न देणारे हेपरिन थांबवावे की सर्किट गोठण्याच्या भीतीने चालू ठेवावे. माझे मत एका रुग्णामुळे पक्के झाले. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली तरुण बाई, लहान मुलाची आई. एक्मोवरचे सगळे आकडे उत्तम. पहाटे ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, रात्री नाव घेतलं की दोन्ही हात दाबत होती. आता डावा दाबत नाही.” बाहुल्या समान होत्या. झोपेच्या औषधाचा परिणाम असेल, सीटीला नेताना कॅन्युला निसटली तर काय, असे बरेच सल्ले आले. सिस्टर हटल्या नाहीत. पंप, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि हाताने फिरवायचा हँडल घेऊन आम्ही सारे लिफ्टने खाली गेलो. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव होता. हेपरिन बंद केले, फ्लो चढा ठेवला, सर्किट डोळ्यांत तेल घालून पाहिले. ते चालले. हृदय सावरले. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली, पण बाई चालत घरी गेली. ऑक्सिजनेटर गोठला तर तो बदलता येतो. मेंदू बदलता येत नाही. माझ्या लेखी हा वाद तिथेच मिटला.

कपाळावर सेन्सर लावून मेंदूतला ऑक्सिजन मोजणारे उपकरण घ्यावे की नाही, हा दुसरा वाद. परवडत असेल तर जरूर घ्या. पण आधी सॅच्युरेशनचा प्रोब उजव्या हाताला लावा. यंत्राने मांडीतून दिलेले लालभडक रक्त महाधमनीत वर चढते. हृदय सावरू लागले आणि फुफ्फुसे अजून आजारीच असली, की हृदय आपले काळपट रक्त पुढे ढकलते आणि तेच मेंदूकडे जाते. पायाचा प्रोब 100 दाखवत असतो आणि डोके गुदमरत असते. हे मी फुकट उपलब्ध असलेल्या उजव्या बोटावर पकडलेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

स्वीपबद्दलही, म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढून टाकणाऱ्या वायूच्या प्रवाहाबद्दलही, तेच. वाढलेला कार्बन डायऑक्साइड झटक्यात खाली आणला, की गॅसचा रिपोर्ट सुंदर दिसतो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मशीन लावल्यावर पहिल्या तासांतली ही घाई मला असह्य होते. हळू उतरवा.

आपल्या संशोधकांनाही एक सांगायचे आहे. एक्मोच्या 2009 च्या सीझर चाचणीने सहा महिन्यांनी रुग्ण जिवंत आहे का आणि गंभीर अपंगत्वावाचून आहे का, हे पाहिले. 2018 च्या इओलिया चाचणीने मुख्य निकष ठेवला 60 दिवसांतल्या मृत्यूचा. मला पहिला प्रश्न अधिक प्रामाणिक वाटतो, कारण आयसीयूच्या दाराबाहेर तोच विचारला जातो. “शुद्धीवर येईल ना, डॉक्टर?” आपण उत्तर देतो ते फ्लोचे. त्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघवत नाही.

फेंटॅनिल, मिडॅझोलाम ही गुंगी आणणारी औषधे सर्किटच्या प्लॅस्टिकमध्ये शोषली जातात, म्हणून आपण डोस चढवत नेतो आणि मग रुग्ण दिवसेंदिवस निपचित राहतो. प्रकृती झेपेल त्या प्रत्येक रुग्णाचे झोपेचे औषध रोज थोडा वेळ कमी करून त्याला हाक मारलीच पाहिजे. ज्यांना हे धोक्याचे वाटते, त्यांनी माझ्याशी जेवणाच्या सुट्टीत जरूर भांडावे.

परिषदेने तीन कामे हाती घ्यावीत. सर्वांना चालेल असा चार्टचा एक नमुना, ज्यात मेंदूचा रकाना पहिला असेल. सिस्टर-ब्रदर्ससाठी तपासणीची कार्यशाळा. आणि घरी गेलेल्या रुग्णांची वर्षभरानंतर चौकशी. कोण, कधी, कोणत्या पैशांत, हे कार्यकारिणी बसून ठरवेल. माझा आग्रह एवढाच, की त्या बैठकीत सिस्टर हव्यात, आणि त्यांना चहापानाच्या व्यवस्थेला नव्हे, चार्ट लिहायला बसवावे.