संगणकाचा कारभारी



किनवट, मुखेड, औसा वा निलंगा तालुक्यांतील द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता कशा चालतात, हे आपणांस सांगावयास नको. पहिलीस पाटीवर अक्षरे गिरवावयास देऊन गुरुजी दुसरीचे वाचन घेतात. तेथे गणित घालून पुन्हा पहिलीच्या पाट्या तपासतात. एका क्षणी लक्ष एकाच वर्गाकडे. तथापि दोन्ही वर्ग पुढे सरकत राहतात. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन-प्रणाली, हेच काम करीत असते.

संगणकाची कळ दाबताच त्यातील एक छोटी, कायम नोंदलेली आज्ञावली प्रथम यंत्राचे भाग तपासते व संचालन-प्रणालीचा गाभा डिस्कवरून स्मृतीत आणते. तेथून कारभार त्या गाभ्याच्या हाती जातो. प्रत्येक कामास तो सेकंदाचा अल्पसा अंश देतो, प्रत्येकास स्मृतीत स्वतंत्र जागा नेमून देतो, फायलींची नोंद ठेवतो, कळफलक व प्रिंटर यांजकडून काम करून घेतो आणि परक्यास दप्तरात हात घालू देत नाही.

येथे एक भेद विद्यार्थ्यांच्याच भाषेत ध्यानी घ्यावा. स्मृती ही पाटी होय, डिस्क ही वही होय. वीज जाताच पाटी पुसली जाते. तासभर खपून भरलेली विद्यार्थ्यांची माहिती वहीत उतरविली नसेल, म्हणजे ‘सेव्ह’ केली नसेल, तर ती गेलीच म्हणून समजावे. शिवाय कारभारी काही नोंदी क्षणभर हाताशी ठेवून मग वहीत चढवितो. म्हणून यंत्र एकाएकी बंद न करता ‘शट डाउन’ची आज्ञा द्यावी, त्यामुळे त्यास दप्तर आवरण्यास अवधी मिळतो.

या विद्येचा इतिहासही उद्बोधक आहे. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा रचला व पुढे तो सर्वांस खुला केला. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी त्याच गाभ्यावर चालतो. पुण्यास मुख्यालय असलेल्या व 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने लिनक्सच्याच आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली. तीत मराठीचीही सोय आहे. विद्या खुली ठेविली असता ती कोठवर पोहोचते, याचे हे उदाहरण होय.

वर्गात हा पाठ यंत्रावाचूनही घेता येईल. एका मुलास प्रोसेसर करावे, एका मुलीस कारभारी. तिघांनी तीन निरनिराळी गणिते द्यावीत. दहा अंक मोजून कारभारणीने टाळी वाजवावी. टाळी होताच मुलाने आपण कोठवर आलो ते पाटीवर टिपून दुसरे गणित हाती घ्यावे. ते टिपण विसरले तर काय घोटाळा होतो, हे मुले स्वतःच सांगतील. मग खरा संगणक दाखवावा.

बिघडेल या भीतीने पुष्कळ ठिकाणी संगणक कापडाखाली झाकलेला राहतो. परंतु झाकलेल्या यंत्रापासून कोणते मूल काय शिकणार? ज्या वस्तूचा कारभार उमगला, तिचे भय उरत नाही. ते कापड आधी शिक्षकांनी दूर करावे. मुलांचे हात आपोआप पुढे येतील.